न प्यालेलं फिंजान

रुबा दुसऱ्यांदा नापास झाली ही बातमी बुधवारी दुपारी फक्त आजोबांना आणि हैफा आत्याला ठाऊक होती. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यामुळे शुक्रवारी मन्सफचं, म्हणजे मटण-भाताचं, मोठं ताट मांडेपर्यंत सल्त गावातल्या साऱ्या घराण्याला, दोन व्याह्यांना आणि चढावरच्या खाटकाला ती कळलेली होती. खाटकानं तर मटण तोलताना मूठभर जास्तच घातलं आणि वर सल्लाही दिला, की पोरीला खाऊ घाला, अशक्तपणानं वरती चक्कर येत असेल.

"चक्कर कसली येतेय," रुबाची आई भात उपसता उपसता म्हणाली. "आणि माझी निळी बादली कुणी नेली ते आधी सांगा. महिना झाला, न्हाणीघरात बादली नाही. या घरात माणसं हरवत नाहीत, वस्तू तेवढ्या हरवतात."

बादलीकडे कुणी लक्ष दिलं नाही. ताटाभोवती सगळे बसले. पहिला घास आजोबांनी, अबू मिस्कालांनी, घ्यायचा आणि मगच बोलायचं, असा घरचा नियम होता. आजोबांनी भाताचा गोळा वळून तोंडात टाकला आणि नायेल काकांना कंठ फुटला.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले. नायेल काकांचं औषधाचं दुकान होतं आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्यापाशी एकच औषध असे. "दुकानात काउंटर रिकामा आहे. पंखा आहे. खुर्ची आहे. मुख्य म्हणजे दुकान जमिनीवर आहे."

"तिला जमिनीवरच राहायचं असतं तर ती वैमानिक व्हायला कशाला गेली असती?" हैफा आत्या म्हणाली.

"दोनदा पाडलं तिला त्या कॅप्टननं."

"पाडलं नाही काका, नापास केलं," रुबा म्हणाली. "पाडलं असतं तर मन्सफ खायला आले नसते."

"आणि तिसऱ्यांदा केलं तर?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्यांदा नापास झालं की फाइल बंद. विमान शिकवणाऱ्या शाळेचा नियमच तो. मग दीड वर्षाचा अभ्यास, बाबांनी कुवेतहून पाठवलेली पुस्तकं, इस्त्रीचे चार पांढरे शर्ट, सगळं गुंडाळून काउंटरमागे बसायचं आणि लोकांना खोकल्याच्या बाटल्या द्यायच्या. तिसरी परीक्षा होती रविवारी, सकाळी अकरा वाजता.

बाकी तिला सगळं येत होतं. विमान चढवता येत होतं, वळवता येत होतं, मनोऱ्यावरच्या माणसांशी रेडिओवर ती इतक्या ऐटीत बोले, की एकदा त्यांनी तिला कुणी जुनी जाणती समजून रांगेत पुढे घेतलं होतं. घोडं अडायचं ते शेवटच्या तीस फुटांत. चाकं टेकायच्या आधी विमानाचं नाक अलगद उचलायचं असतं. ते ती लवकर उचलायची. मग विमान खाली बसायचं सोडून पुन्हा वर उचललं जायचं आणि धाडकन आपटून दोन उड्या मारायचं. एकटीला वर सोडायच्या आधी कॅप्टन एवढंच बघतो, आणि तेवढंच तिचं बिघडायचं. कॅप्टननं दोन्ही वेळा विचारलं होतं, असं का होतं? तिनं दोन्ही वेळा सांगितलं होतं, वारा.

वारा नव्हता. कारण तिला पक्कं ठाऊक होतं. कारण आत्ता तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं आणि मटणाचा सगळ्यांत मऊ तुकडा बोटांनी तिच्या बाजूला सरकवत होतं.

अबू मिस्कालांनी त्याच विमानतळावर चाळीस वर्षं विमानांच्या पोटात इंधन भरलं होतं. स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नव्हते. हजलासुद्धा बसनं गेले. नात त्याच धावपट्टीवर शिकायला लागली त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक धड्याला ते पिकअप घेऊन कुंपणापाशी हजर असत. धावपट्टी जिथं सुरू होते, नेमकं तिथं. सोबत हैफा आत्या, थर्मास, घडीच्या खुर्च्या आणि शेंगदाणे. रुबा खाली येऊ लागली की आजोबा डोक्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढून हलवायचे. आता खाली येताना वैमानिकानं बघायचं असतं धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडे. नजर जवळ आली की जमीन अंगावर येतेय असं वाटतं आणि हात आपोआप नाक उचलतो. हे रुबाला पुस्तकातून पाठ होतं. पण ज्या माणसानं तिला चालायला शिकवलं तो खाली रुमाल हलवतोय आणि बघायचं मात्र दुसरीकडे, हे पुस्तकात नव्हतं.

आजोबांनी हात पुसले. "मिस्काल," ते थोरल्या मुलाला म्हणाले, "जाहा काढायची."

ताटाभोवतीचे हात थांबले. मिस्काल काकांची मान मात्र ताठ झाली. काका सैन्यातून ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेले. त्यानंतर त्यांनी आयुष्य जाहांना, म्हणजे मागणी घेऊन जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या शिष्टमंडळांना, वाहिलं होतं. कुणाचं लग्न जुळवायचं असो, जमिनीचं भांडण मिटवायचं असो, अपघातानंतर दोन घराण्यांत समेट करायचा असो, वडीलधाऱ्यांच्या पुढे उभं राहून बोलायला सल्तमध्ये मिस्काल काकांना तोड नव्हती. समोरच्यानं पुढे केलेलं कॉफीचं फिंजान, म्हणजे इवलासा पेला, ते न पिता खाली ठेवत आणि मागणी मान्य झाल्यावरच उचलत. शंभरावर जाहा झाल्या, एकदाही कॉफी न पिता परतलो नाही, असं ते न विचारता सांगत.

"जद्दो!" रुबा आजोबांवर ओरडलीच. "अहो ती शाळा आहे. तिथं परीक्षा असते. परीक्षेला कुणी जाहा नेतं का?"

"खून माफ होतो जाहानं," मिस्काल काका म्हणाले. "तुझं ते खाली उतरणं म्हणजे काय चीज आहे?"

"कॅप्टन नार्त ऐकणारा माणूस नाही."

"चेर्केस जमातीचा आहे ना? वादी सीर गावचा? मग तर वडीलधाऱ्यांचा मान राखणारच. दारात आलेल्या म्हाताऱ्याला कॉफी न पिता तो पाठवेल? वादी सीरमध्ये तोंड दाखवायला जागा उरायची नाही त्याला."

"मी येणार," नायेल काका म्हणाले.

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर विरोधात आहात ना?" हैफा आत्यानं विचारलं.

"विरोधात मी घरात आहे. बाहेर मी घराण्यात आहे."

जेवणानंतर रुबा हिय्या करून आजोबांपाशी गेली. ते अंगणात अंजिराखाली बसून आपल्या अबायाचा, अंगावर घ्यायच्या झग्याचा, कसर लागलेला काठ न्याहाळत होते. जद्दो, तुम्ही कुंपणापाशी येऊ नका, एवढं एकच वाक्य तिला म्हणायचं होतं. ते तिनं जिन्यात तीनदा घोकलंही होतं.

"तुझा बाप कुवेतला," आजोबा वर न बघता म्हणाले. "नाहीतर तोच उभा राहिला असता तिथं. पोर आभाळात असताना खाली कुणीतरी आपलं माणूस नको का?"

"हो, जद्दो," रुबा म्हणाली आणि अबाया उन्हात टाकायला घेऊन गेली.

रविवारी दहा वाजता ती विमानाच्या पंखाखाली उभी राहून नळीत इंधनाचा नमुना घेत होती, त्यात पाणी तर नाही ना ते बघत होती. तेव्हा फाटकाच्या बाजूनं हॉर्न ऐकू आले. एक नाही, अकरा गाड्या. लग्नाची वरात असावी तशा एकामागून एक. पहारेकऱ्यानं खरं तर अडवायला हवं होतं, पण चाळीस वर्षं रोज सलाम केलेल्या माणसाला अडवणार कसं? त्यानं अडसर वर केला आणि वर सलामही ठोकला.

चाळीस माणसं उतरली. काळ्या आणि तपकिरी अबाया, पांढऱ्या मिशा, अत्तर आणि नॅप्थलीनचा वास. मागून पिकअपमधून हैफा आत्या, आणि ती मात्र सवयीनं सरळ कुंपणाच्या वाटेला लागली. कॅप्टनच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, तेव्हा जाहा वर्गात बसवावी लागली. सल्तमधले वजनदार लोक विद्यार्थ्यांच्या बाकांवर गुडघे आवळून बसले. भिंतीवर पंखावरून हवा कशी वाहते त्याचं भलंमोठं चित्र होतं. त्याच्याकडे बघून एक मुख्तार, म्हणजे गावचा पुढारी, दुसऱ्याला म्हणाला, की मासा चांगला काढलाय.

पहिली अडचण कॉफीची आली. शाळेत कॉफी म्हणजे यंत्रातली, कागदी पेल्यातली. शिपायानं ती पुढे करताच मिस्काल काकांचा चेहरा उतरला. कागदी पेला खाली ठेवण्यात कसली आली इभ्रत? शेवटी एका गाडीतून आत्यानं भरून दिलेली पितळी किटली आली, फिंजानं आली, आणि काकांनी ती शिपायाच्या हाती देऊन हळूच सांगितलं, "हं, आता आम्हाला आग्रह करा." पाहुण्यांनी आपलीच कॉफी यजमानाकडून स्वतःला वाढून घेतली. दाराआड उभ्या राहिलेल्या रुबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. जमिनीशी तिचं एरवीही फारसं पटत नव्हतंच.

कॅप्टन नार्त आले. उंच, सडपातळ, मिशी इतकी कोरीव की तिलाही नियमावली असावी. सगळ्यांत म्हातारा माणूस बसेपर्यंत ते उभे राहिले आणि मगच बसले. मिस्काल काकांनी डोळ्यांनीच भावाला सांगितलं, बघ, म्हटलं नव्हतं?

आजोबांच्या हाती फिंजान आलं. त्यांनी ते न पिता समोरच्या बाकावर ठेवलं. मिस्काल काका उठले, अबाया खांद्यावर सारखी केली आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

"कॅप्टन नार्त! आपलं घराणं थोर, आपला लौकिक मोठा. हे सल्तचे वडीलधारे आज आपल्या दारी आले आहेत ते नातं जोडायला. आपल्या सुशील, कुलीन कन्येचा हात आम्ही आमच्या..."

काका थांबले. शंभर जाहांची सवय जिभेवर बसलेली, ती काय करणार? नायेल काकांनी त्यांच्या पोटरीवर पाय मारला.

"माझ्या मुलीचं मागच्याच वर्षी लग्न झालं," कॅप्टन शांतपणे म्हणाले.

"मुबारक असो!" चाळीस माणसं एका सुरात म्हणाली. एवढ्या मोठ्यानं मुबारक झाल्यावर काम फत्ते झालं असं समजून मागच्या बाकावरच्या, हजला जाऊन आलेल्या एका हाजनं फातिहाच्या प्रार्थनेसाठी हात उचलले. त्याचं बघून आणखी चौघांनी उचलले. त्यांचे हात खाली आणवण्यात थोडा वेळ गेला.

"मुलगी आमची आहे," मिस्काल काका घाम पुसत म्हणाले. सगळं पाठांतर पार विस्कटलं होतं, म्हणून की काय ते यावेळी साधं बोलले. "आमची रुबा. मागणी आकाशाची आहे. तिला एकटीला जाऊ द्या."

कॅप्टननी त्या फिंजानाकडे पाहिलं.

"हाज," ते आजोबांना म्हणाले, "मी हो म्हणतो. तुम्ही कॉफी पिता. मग अकरा वाजता मला तिला वर पाठवावं लागेल. ती खाली कशी येईल ते हे फिंजान ठरवणार का?"

आजोबांचा हात फिंजान मागे घ्यायला पुढे झाला.

"मी नाही असंही म्हणत नाही. फिंजान आहे तिथं राहू द्या. पण मागणी फक्त पाहुण्यांनाच असते असं कुठं आहे? माझीही एक आहे." एवढं बोलून कॅप्टननी स्वतः उठून एक फिंजान भरलं आणि आजोबांच्या फिंजानाशेजारी ठेवलं. न पिता.

बाकांवर कुजबुज झाली. यजमानानंच जाहापुढे स्वतःचं फिंजान ठेवावं हे कुणी पाहिलं नव्हतं. मिस्काल काकांची मान लाल झाली. ते उठणार, तोच आजोबांनी हात वर केला.

"मागा. दिलं."

"आधी ऐकून तर घ्या."

"ऐकून देतो तो वाणी. मागा."

"मला रुबाकडून एक खरं उत्तर हवंय. इथं, तुमच्यासमोर. आणि ती जे बोलेल त्याचा राग कुणी घरी न्यायचा नाही."

"दिलं," आजोबा पुन्हा म्हणाले.

रुबा आत आली. हातात अजून ती इंधनाची नळी होती. चाळीस चेहरे तिच्याकडे वळले.

"दोन्ही वेळा नाक लवकर का उचललंस?" कॅप्टननी विचारलं.

"वारा..."

"मी मनोऱ्यावरची नोंद काढून पाहिली. वारा नव्हता."

खोटं बोलून निभावलं असतंही कदाचित. सूर्य डोळ्यांवर आला म्हणता आलं असतं. तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी तिच्यासाठी लग्नातली अबाया काढली होती, आणि कसर लागलेला काठ दिसू नये म्हणून तो मुठीत धरून बसले होते. याच माणसाला आता चारचौघांत सांगायचं, की तुमच्या मायेनं माझा घात होतोय. पण तासाभरानं ती पुन्हा त्याच तीस फुटांवर असणार होती, आणि मग सांगायला काही उरणार नव्हतं.

"जद्दो," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघते. तुम्ही रुमाल हलवता ना, तेव्हा. मला पट्टीच्या त्या टोकाकडे बघायचं असतं आणि मी कुंपणाकडे बघते. दर वेळी. तुमचा काही दोष नाही. पण तुम्ही असलात की मी तुमच्याकडेच बघते."

मिस्काल काका खाली बघू लागले. मग त्यांच्या शेजारून नायेल काकांचा आवाज आला. "म्हणजे या घरात तिला खरी मदत मी एकट्यानं केली. मी एकदाही कुंपणापाशी गेलो नाही."

"तो तुझा आळस होता!" मिस्काल काका उसळले.

"आळस म्हणा, दूरदृष्टी म्हणा. ज्यानं पोरीचं भलं झालं ते खरं." आणि मग, कुणाला अपेक्षा नसताना, नायेल काका जरा गंभीर झाले. "खरं बोललीये ती, बाबा. चाळीस माणसांत. मला आपल्या दुकानात अशी मुलगी नको. गिऱ्हाइकं पळतील."

थोडं हसू फुटलं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी विमानतळावर आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न विचारला. "किती उंचीवर बघतेस?"

"पन्नास फूट. कधी तीस."

"तीस फुटांवरून माझी मिशीसुद्धा दिसत असेल."

"दिसते, जद्दो."

आजोबांनी मान हलवली. मुठीतला काठ सुटला आणि फाटका कोपरा लोंबू लागला, त्याचं त्यांना भान राहिलं नाही. "विमानाचा पंखा फिरत असेल तर जवळ जायचं नाही. चाळीस वर्षं पाळला हा नियम. निवृत्त झालो आणि विसरलो बघ." ते कॅप्टनकडे वळले. "तुमची मागणी पुरी झाली. प्या."

कॅप्टननी आपलं फिंजान एका घोटात रिकामं केलं. आजोबांचं तसंच राहिलं. मग आजोबांनी हुकूम सोडला: सगळ्यांनी बाक फिरवायचे आणि धावपट्टीकडच्या खिडकीकडे पाठ करून बसायचं. आणि हैफाला फोन लावा, पिकअप मागे घे म्हणावं. फोनवर आत्याचा रडका आवाज साऱ्या वर्गाला ऐकू आला. "अरे पण मी खुर्च्या मांडल्यात ना!"

अकरा वाजता विमान उडालं. पहिल्या फेरीत रुबा खाली येऊ लागली आणि नको नको म्हणताना नजर कुंपणाकडे गेलीच. तिथं कुणी नव्हतं. घाईघाईत राहून गेलेली एक घडीची खुर्ची तेवढी उन्हात उभी होती. तिचा हात वर आला, विमान उचललं गेलं आणि आपटलं.

"खुर्चीकडे बघितलंस," शेजारून कॅप्टन म्हणाले.

"हो."

"खुर्ची रुमाल हलवत नाही. पुन्हा."

दुसऱ्या फेरीत ती पट्टीच्या टोकाकडे बघत राहिली, आणि चाकं जराशी वाकडी पण एकदाच टेकली. तिसऱ्या फेरीत वाकडीही टेकली नाहीत. कॅप्टननी एक शब्द न बोलता हातानं बाजूला घ्यायची खूण केली. विमान थांबल्यावर त्यांनी आपला पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरून रिकाम्या आसनावर पट्टा नीट आवळून लावला.

"मी नसल्यानं हलकं होईल. पटकन वर जाईल, घाबरू नकोस," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडले. "एक फेरी. मग परत ये. कॉफी गार होतेय."

दार लागलं. रुबानं उजवीकडे पाहिलं. पट्टा लावलेलं रिकामं आसन. मग तिनं रेडिओवर आपलं नाव सांगितलं, आणि विमान खरंच लवकर वर गेलं. तिला मोठ्यानं हसू आलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ती आणखी मोठ्यानं हसली. डावीकडे अम्मानच्या टेकड्या, पांढरी घरं, छपरांवरच्या टाक्या. कधी नव्हे ती तिला खाली बघायची घाई नव्हती.

वळली. पुन्हा वळली. समोर धावपट्टी आली. पन्नास फूट. तीस. पट्टीचं दुसरं टोक उन्हात थरथरत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. खुर्ची पंखाखालून कुठंतरी गेली असेल. तिला दिसली नाही.

वर्गात काय झालं ते तिला नायेल काकांनी नंतर सांगितलं, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले. चाळीस माणसं भिंतीकडे तोंड करून, मशिदीतही बसणार नाहीत इतकी गप्प बसली होती. आजोबा डोळे मिटून नुसते आवाज ऐकत होते. आता एकटी आहे, ते म्हणाले, आवाज हलका झाला. आता वळली. आता इंजिन कमी केलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग टायर धावपट्टीला घासल्याचा बारीक आवाज.

"एकदाच," आजोबा म्हणाले.

काय एकदाच, मिस्काल काकांनी विचारलं. चाकं एकदाच वाजली, आजोबा म्हणाले, उडी नाही. मग पिऊन टाका कॉफी, काका म्हणाले. आजोबांनी नकार दिला. प्या असं यजमानानं म्हणायचं असतं. शंभर जाहा केलेल्या मुलाला एवढंही कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं.

रुबा दारात आली तेव्हा तिला चाळीस पाठी दिसल्या. मागून कॅप्टन आले.

"हाज, गार झाली. दुसरी आणवतो."

"हीच."

"मग प्या."

आजोबा वळले. फिंजान उचललं, गार कडू कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि फिंजान डावी-उजवीकडे हलवून, बस्स, अशी खूण केली. मग मात्र वर्गात जो गलका झाला त्यात फातिहा राहूनच गेली आणि मागच्या बाकावरच्या हाजला ती एकट्यानं उरकावी लागली.

आजोबा रुबाचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले. पिकअपपाशी हैफा आत्या आधीच डोळे पुसत उभी होती. आजोबांनी मागची फळी पाडली. आत चटईखाली झाकून ठेवलेली, काठोकाठ भरलेली निळी बादली होती.

"आईची बादली!" रुबा म्हणाली.

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या डोक्यावर पाणी ओततात, ही विमानतळावरची जुनी रीत. चाळीस वर्षांत कितीतरी पोरांसाठी अबू मिस्कालांनी नळावरून बादल्या भरून आणल्या होत्या. ओतली मात्र एकही नव्हती. ओतायचे ते कॅप्टन लोक.

"पहिल्या परीक्षेला आणली होती," हैफा आत्या नाक ओढत म्हणाली. "दुसऱ्यालाही. दोन्ही वेळा भरलेली परत नेऊन अंजिराला घातली. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. आणि मी नाही सांगितलं!"

आजोबांनी बादली उचलली. ती जड होती. नायेल काका पुढे धावले आणि त्यांनी तळाला हात दिला. मिस्काल काकांनी दुसऱ्या बाजूनं दिला. कॅप्टन नार्त हात मागे बांधून उभे राहिले.

रुबानं डोळे घट्ट मिटले. मग तसंच विचारलं, "जद्दो, आता बघू का तुमच्याकडे?"

"आता बघ," आजोबा म्हणाले, आणि तिनं डोळे उघडताच सगळी बादली तिच्या डोक्यावर रिती केली.